पेटी, पियानो की की-बोर्ड? मुंबईत शिकायला सुरुवात करणाऱ्यांसाठी

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं, "मुलीला पियानो शिकवायचाय, घरी छोटा कॅसिओ पडून आहे, चालेल ना?" मोठी माणसंही विचारतात. बँकेतून निवृत्त झालेले काका, नोकरीची दोन-तीन वर्षं झालेली तरुण मुलं. लहानपणी राहून गेलं, आता शिकायचंय म्हणतात. या सगळ्यांना मी फोनवर जे सांगते ते इथे नीट मांडून ठेवते.

मी नवव्या वर्षी गिरगावात पेटी शिकायला लागले. कॉलेजात असताना ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवला आणि सव्विसाव्या वर्षी पियानोचं पहिलं पुस्तक उघडलं. तिन्ही वाद्यं दिसायला बहिणी-बहिणी, पण बोटाखाली आली की तिघींचा स्वभाव वेगळा. घरी जे वाद्य असतं तेच आपला हात घडवतं. म्हणून आधी रस्ता ठरवायचा, वाद्य नंतर घ्यायचं. बहुतेक घरांत हे नेमकं उलटं होतं.

आधी रस्ता ठरवा

पेटीत भात्यातून हवा येते आणि पितळेची पातळ जीभ थरथरते. पेटीवाले तिलाच 'सूर' म्हणतात. पट्टी हळू दाबा नाहीतर आपटा, आवाज तेवढाच येतो. लहान-मोठा करतो तो भाता, म्हणजे डावा हात. चांगल्या पेटीवादकाचा भाता बघत बसावा. प्रत्येक स्वराला तो धक्का देत नाही. गाणाऱ्याचा श्वास जिथे वळतो तिथे याचा भाता वळतो.

पियानोत पट्टी दाबली की आत लोकरीच्या नमद्याने मढवलेली लाकडी हातोडी तारेवर जाऊन आदळते. शेवटच्या क्षणी ती पट्टीपासून सुटते आणि मोकळी उडते. त्यामुळे पट्टी खाली किती वेगाने गेली, एवढंच तुमच्या हातात राहतं. स्वर कुजबुजणार की गर्जणार, हे त्या वेगावर ठरतं. पियानोचं शिक्षण वर्षानुवर्षं चालतं ते यासाठी. खांद्यापासून बोटापर्यंतचं वजन पट्टीत कसं सोडायचं, हे शिकायला वेळ लागतो.

इलेक्ट्रॉनिक की-बोर्डला पट्टीखाली स्प्रिंग असते आणि आवाज आधीपासून साठवलेले असतात. पट्ट्या हलक्या असतात. डाव्या हाताने कॉर्ड, म्हणजे तीन-चार स्वर एकदम, धरला की ताल आणि बेस आपोआप चालू होतो. हे कमी दर्जाचं वाद्य आहे असं मी अजिबात मानत नाही. ऑर्केस्ट्रा, गणपतीतले कार्यक्रम, स्टुडिओ, चर्चमधला क्वायर अशा ठिकाणी या वाद्यावर पोट भरणारी शेकडो माणसं या शहरात आहेत. आवाज निवडणं, स्टाइल बदलणं, दोन गाण्यांच्या मधे चार सेकंदांत सगळं नव्याने लावणं ही त्याची स्वतःची विद्या आहे. फक्त त्यावर पियानोचा हात तयार होत नाही.

आता स्वतःला किंवा मुलाला एकच प्रश्न विचारा. कामात असताना आपसूक काय गुणगुणता? अभंग, नाट्यगीत, भावगीत, राग असेल तर पेटी. दोन्ही हातांनी दोन वेगळ्या गोष्टी एकदम चाललेल्या ऐकून अंगावर काटा येत असेल तर पियानो. चालू गाणी, बँड, मित्रांबरोबर वाजवणं हवं असेल तर की-बोर्ड. उत्तर येत नसेल तर महिनाभर काहीही विकत घेऊ नका, नुसतं ऐका. नरिमन पॉइंटला एनसीपीएमध्ये (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) पियानोच्या मैफली होतात, सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाही २००६ पासून तिथलाच आहे. दादर, पार्ले, ठाणे इथे गाण्याच्या बैठका असतात. तिथे गेलात तर गाणाऱ्याच्या डाव्या हाताला बहुधा पेटी असते. म्हणजे तुम्ही समोरून बघताना उजवीकडे बसा, बोटं आणि भाता दोन्ही दिसतील.

पेटी निवडलीत तर घरातलं कुणी मोठं माणूस हमखास म्हणेल, "पेटीने कान बिघडतो." हा वाद जुना आहे. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यांनी १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ते वाद्य पायाने भाता चालवायचं होतं. पुढे कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी हाताच्या भात्याची, मांडी घालून वाजवायची पेटी घडवली आणि ती देशभर गेली. पण पेटीतून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही आणि तिचे बारा स्वर ठरलेल्या जागी बसलेले असतात, म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये तिला बंदी केली. ती १९७१ पर्यंत टिकली. तरीही महाराष्ट्रात पेटीचं घराणंच उभं राहिलं: गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, अप्पा जळगावकर, पी. मधुकरांचे शिष्य तुळशीदास बोरकर. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी तर बावीस श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या बावीस सूक्ष्म स्वरांची, पेटी करून दाखवली. माझं मत विचाराल तर आक्षेपात तथ्य आहे, पण उपाय सोपा आहे. रोज दहा मिनिटं पेटी बंद ठेवून तानपुऱ्यावर गायचं. मोबाइलवरचा तानपुरा चालतो. कान तिथे तयार होतो, पेटीवर फक्त बोटं तयार होतात.

वाद्य घेताना

पेटी घ्यायला एकटे जाऊ नका, वाजवणारं माणूस बरोबर न्या. दादरला हरिभाऊ विश्वनाथ यांच्यासारखी पिढ्यान् पिढ्या पेट्या बनवणारी दुकानं आहेत. शिकाऊ माणसाला दोन सुरांची, खर्ज (खालचा) आणि नर (मधला) असलेली, साडेतीन सप्तकांची पेटी पुरते. कपलर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली पट्टी दाबणारा), स्केल चेंजर (सगळ्या पट्ट्या सरकवून सा बदलणारा) यांत सुरुवातीला पैसे घालू नका. स्केल चेंजरने पट्टी सरकवायची सवय लागली की बाकीच्या पट्ट्यांवर सा धरून वाजवणं हातात बसतच नाही. तपासायची पद्धत अशी: भाता पूर्ण भरा, हात सोडा, एकही पट्टी दाबू नका. भाता लगेच खाली बसला तर हवा कुठून तरी गळतेय. मग एकेक पट्टी अगदी कमी हवेवर दाबा. प्रत्येक सूर तितक्याच सहज बोलला पाहिजे. एखादा उशिरा बोलतो, एखादा खरखरतो, तो दुकानातच दाखवून दुरुस्त करून घ्या.

पियानो शिकायचा असेल आणि फ्लॅटमध्ये राहत असाल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा, वजनदार पट्टीचा डिजिटल पियानो घ्या. दुकानात 'हॅमर अ‍ॅक्शन' हेच शब्द वापरा. 'टच सेन्सिटिव्ह' एवढं ऐकून समाधान मानू नका, कारण हलक्या स्प्रिंगच्या पट्टीलाही तसं म्हणतात. पायाखालचं पेडल आणि पक्कं स्टँड त्याच दिवशी घ्या. इस्त्रीच्या टेबलावर ठेवलेला पियानो डुलतो आणि मनगट उचलून वाजवायची सवय लागते. हेडफोनमुळे रात्री साडेदहालाही रियाज होतो, शेजारी तक्रार करत नाहीत. धोबी तलावला जेर महालमध्ये फर्टाडोजचं दुकान आहे. १८६५ पासूनची पेढी. तिथे जाऊन चार-पाच वाद्यांवर एकच सुरावट हळू आणि जोरात वाजवून बघा. फरक बोटांना कळतो, माहितीपत्रकात कळत नाही.

खरा, तारांचा पियानो घ्यायची हौस असेल तर वांद्रे, माहीम किंवा दादर पारसी कॉलनीतल्या जुन्या घरांतून अपराइट, म्हणजे उभे पियानो, मिळतात. लाकडावरची नक्षी बघून भुलू नका, ट्यूनरला, म्हणजे पियानोचे सूर लावणाऱ्याला, घेऊन जा. दोनशेच्या वर तारा लोखंडी चौकटीवर कित्येक टनांच्या ताणाने बसवलेल्या असतात. त्यांच्या खुंट्या लाकडात सैल झाल्या असतील तर महिन्यात सूर उतरणार. आणि वजन दोनशे किलोच्या पुढे जातं. लिफ्ट, जिन्याचं वळण, सोसायटीचा नियम, तिन्ही आधी बघून या.

पावसाळा

मुंबईत वाद्य ठेवायचं तर ओलीकडेही विद्यार्थ्याइतकंच लक्ष द्यावं लागतं, असं माझे ट्यूनर म्हणायचे.

माझ्या जुन्या अपराइटची मधल्या सप्तकातली एक पट्टी पहिल्याच जुलैत अडकली. दाबली की खालीच राहायची, बोटाने वर उचलावी लागायची. मला वाटलं काहीतरी मोडलं. ट्यूनर आले, पुढची फळी काढली, पट्टी अलगद उचलून मला हातात दिली. पट्टीच्या पोटात एक छोटी खाच होती आणि खाचेच्या दोन्ही बाजूंना लाल लोकरीचं कापड चिकटवलेलं. चौकटीवरचा धातूचा खिळा त्या खाचेत बसतो. हवेतली ओल पिऊन ते कापड फुगलं होतं आणि खिळ्याला धरून बसलं होतं. त्यांनी चपट्या पकडीने कापड दोनदा हलकेच दाबलं, पट्टी परत बसवली. पाच मिनिटांचं काम. मी त्याआधी तीन दिवस ती पट्टी ठोकत होते, ते मात्र चुकीचं होतं. अडकलेली पट्टी कधीही ठोकू नये.

पूर्वी अपराइटच्या खालच्या कप्प्यात कमी वॅटचा पिवळा बल्ब पेटता ठेवायचे, आत थोडी ऊब राहायची. आता घरोघरी एलईडी आहेत, त्यांनी तशी ऊब येत नाही. त्यासाठी पियानोत बसवायची खास हीटिंगची दांडी मिळते, ती ट्यूनरकडूनच बसवून घ्या. पियानो बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, झडीचं पाणी झिरपणारी भिंत तर नकोच. एसीच्या झोताखालीही नको. वर्षातून दोनदा ट्यूनिंग करा आणि त्यातलं एक पाऊस संपून हवा कोरडी झाल्यावर, नोव्हेंबरच्या आसपास ठेवा. ऑगस्टमध्ये केलेलं ट्यूनिंग दिवाळीपर्यंत टिकत नाही.

पेटीला सोपं आहे. वाजवून झाली की सगळे स्टॉपर बंद, भाता बंद, झाकण, वर सुती कापड. जमिनीवर ठेवू नका, पाटावर ठेवा. पण पावसाळ्यात महिनोन्महिने बंदही ठेवू नका. रोज वाजवली की आत हवा खेळते.

शिक्षक

पहिल्या भेटीत दोन गोष्टी बघा. घरी कोणतं वाद्य आहे हे शिक्षकांनी विचारलं का? आणि त्यांचं लक्ष तुमच्या हातावर होतं, की तुम्ही कोणतं गाणं वाजवता त्यावर?

मी पियानोचं पहिलं वर्ष जिथे काढलं, तिथे वर्षाची फी आधी घेतली आणि पट्ट्यांवर रंगीत चिकटपट्ट्या लावून गाणी बसवली. घरी पाहुण्यांसमोर वाजवता यायचं, त्यामुळे आनंदात होते. दुसऱ्या शिक्षकांकडे गेले तेव्हा त्यांनी एक ओळ वाचायला दिली आणि मला एकही स्वर वाचता आला नाही. मनगट इतकं ताठ झालं होतं की पुढचे आठ महिने फक्त पाच बोटांचे धडे केले. म्हणून सांगते, वर्षाची फी एकदम भरू नका आणि चिकटपट्ट्या दिसल्या की विचार करा.

रागसंगीताच्या पेटीसाठी शहरात जुन्या संस्था आहेत. ऑपेरा हाउसजवळचं बी. आर. देवधरांनी १९२५ मध्ये सुरू केलेलं विद्यालय, चौपाटीचं भारतीय विद्या भवन, वाशीचं गांधर्व महाविद्यालय. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग १९६९ पासून आहे, एसएनडीटीतही संगीत शिकता येतं. पाश्चात्त्य संगीतासाठी एनसीपीए आणि मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन इथे चौकशी करा. पण खरं सांगायचं तर वांद्रे, माहीम, गिरगाव, डोंबिवली इथल्या घरगुती क्लासांमधूनच सर्वांत जास्त हात तयार झालेत. प्रवास हा इथे खरा मुद्दा आहे. विरारहून दक्षिण मुंबईतल्या नामवंत सरांकडे आठवड्यातून एकदा जाण्यापेक्षा, वसईतल्या साध्या पण नेमक्या बाईंकडे दोनदा जाणं पहिल्या तीन वर्षांत जास्त उपयोगी.

पहिले तीन महिने

रोज अर्धा तास. रविवारी तीन तास बसून आठवडा भरून निघत नाही, कारण बोटांना झोपेच्या आधीचा थोडा-थोडा सराव लक्षात राहतो, हा माझा आणि माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांचा अनुभव आहे.

पियानोवर बसताना कोपर पट्टीच्या उंचीला यायला हवं. लहान मुलांचे पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्या. पहिला सप्तक पांढऱ्या पट्ट्यांचा: उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी, मधलं बोट, मग अंगठा तळव्याखालून सरकून चौथ्या स्वरावर, पुढे सगळी बोटं क्रमाने. अंगठा सरकताना कोपर बाहेर उडतं, सगळ्यांचंच उडतं. आरशात बघा आणि इतकं हळू वाजवा की ते उडणार नाही.

पेटीवर काळी एकला, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीला, सा धरा आणि शुद्ध स्वर वाजवा. सा तर्जनीने, रे मधल्या बोटाने, ग आला की तो पांढऱ्यावर, तिथे अंगठा. म तर्जनी, प मधलं, ध अनामिका, नी पुन्हा पांढऱ्यावर, अंगठा. वरचा सा तर्जनीने. पियानो शिकायला लागले तेव्हा डी फ्लॅट मेजर नावाचा सप्तक समोर आला आणि उजव्या हाताची बोटं आधीच तयार होती. तोच काळी एकचा बिलावल, म्हणजे शुद्ध स्वरांचा थाट. दोन परंपरांनी एकमेकींना न विचारता एकच वाट काढली होती, कारण हाताची रचना एकच. त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

पेटीवाल्यांनी घरी एक गोष्ट आधी समजून घ्यावी. बरेच पुरुष काळी एक-पांढरी दोनच्या आसपास गातात, बायका पांढरी चार ते काळी पाचच्या आसपास. साथ करायची तर अलंकार, म्हणजे सरावाचे पलटे, किमान चार वेगवेगळ्या पट्ट्यांना सा धरून यायला हवेत. एकाच पट्टीत पाच वर्षं वाजवलेला हात पहिल्याच मैफलीत अडकतो.

लिहायला-वाचायलाही आत्ताच शिका. पेटीला भातखंडे पद्धत पुष्कळ ठिकाणी चालते: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मवर उभी, मंद्राला खाली बिंदू, तारला वर. पियानोला पाच रेघांची लिपी टाळता येत नाही. रोज फक्त दोन नव्या ओळी, अगदी सोप्या, पूर्वी कधी न पाहिलेल्या. वर्षाने फरक बघा.

परीक्षा

परीक्षा द्यावी का? लहान मुलांनी द्यावी, तारीख ठरली की घराला शिस्त लागते. मोठ्यांनी मनात असेल तरच.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात. मग प्रवेशिका, मध्यमा, विशारद यांचे प्रथम आणि पूर्ण असे टप्पे, आणि पुढे अलंकार. दहावीच्या मुलांना शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात, पण त्यासाठी प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत जावा लागतो. नववीतच शाळेत विचारून ठेवा.

पाश्चात्त्य बाजूला एबीआरएसएम आणि ट्रिनिटी या लंडनच्या दोन संस्था, दोन्हीकडे पहिली ते आठवी श्रेणी. एबीआरएसएमची प्रत्यक्ष परीक्षा दीडशे गुणांची: तीन रचना प्रत्येकी ३०, सप्तक २१, न पाहिलेलं वाचन २१, कानाची परीक्षा १८. शंभरला पास, १२० ला मेरिट, १३० ला डिस्टिंक्शन. सहाव्या श्रेणीपासून पुढे बसायचं तर आधी पाचव्या श्रेणीची थिअरी किंवा तिच्या बरोबरीची परीक्षा पास हवी, हे पुष्कळ पालकांना फार उशिरा कळतं. ट्रिनिटीत शंभरपैकी साठला पास आणि थिअरीची तशी अट नाही. इलेक्ट्रॉनिक की-बोर्डचा वेगळा अभ्यासक्रमही ट्रिनिटीकडे आहे, त्यामुळे की-बोर्डवाल्यांनी तिकडेच बघावं. डिजिटल पियानो एबीआरएसएमला चालतो, पण पट्ट्या वजनदार, पूर्ण आकाराच्या आणि पेडल हवंच.

दरवर्षी एक श्रेणी असा धोशा लावू नका. तीन रचना वर्षभर घोटून दर परीक्षेत डिस्टिंक्शन मिळवणारी आणि चौथी रचना स्वतःहून वाचू न शकणारी मुलं मी पाहिली आहेत. दोन परीक्षांच्या मधे एक वर्ष नुसतं वाजवायला ठेवा, दहा-बारा सोप्या रचना, मुलाला आवडतील त्या.

कॉन्झर्व्हेटरीला जायचं असेल तर

कॉन्झर्व्हेटरी म्हणजे संगीताचं महाविद्यालय. संगीत हेच शिक्षण म्हणून घ्यायचं ठरलं, तर दहावीनंतर नाही, आठवी-नववीतच तसं शिक्षकांशी बोला. देशात चेन्नईचं के. एम. म्युझिक कॉन्झर्व्हेटरी आहे, ए. आर. रहमान यांनी २००८ मध्ये सुरू केलेलं. ब्रिटनमधल्या बहुतेक कॉन्झर्व्हेटरींच्या संगीताच्या अर्जाची मुदत यूकास कॉन्झर्व्हेटरीज या ऑनलाइन अर्जाच्या सेवेवर आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपते, म्हणजे बारावीच्या पहिल्या सत्रातच. ऑडिशनला बहुतेक ठिकाणी वेगवेगळ्या काळातल्या रचना लागतात. बाखचं काहीतरी, एखाद्या अभिजात सोनाटाचा भाग, त्यानंतरच्या काळातलं एखादं. आठवी श्रेणी पास असणं म्हणजे तयारी झाली असं समजू नका, तिथे येणारी मुलं त्याच्या पुष्कळ पुढे असतात.

आणि डिजिटल पियानोवर वाढलेल्या मुलांनी ऑडिशनच्या किमान दोन महिने आधीपासून आठवड्यातून दोनदा खऱ्या ग्रँडवर, म्हणजे आडव्या मोठ्या पियानोवर, सराव मिळवावा. शिक्षकांकडे, ओळखीच्या शाळेत, भाड्याच्या रिहर्सल रूममध्ये, कुठेही. पहिल्या दिवशी हलका स्वर उमटणारच नाही, पट्टी खाली जाईल आणि आवाज येणार नाही. पेडल घरच्यापेक्षा खोल लागेल. खोलीचा घुमारा मागून परत येईल आणि हात आपोआप घाई करेल. तो दिवस ऑडिशनचा नसावा. रेकॉर्डिंग पाठवायचं असेल तर तेही याच पियानोवर करा, फोन झाकणाच्या अगदी जवळ न ठेवता दोन-तीन मीटर लांब ठेवा, आणि पंखा बंद करायला विसरू नका.